गोड पाणी, सोलापूरचं ऊन आणि बोटीच्या बुडावरचे फोड

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे तीन-तीनदा आलं ते एकदाच ठेवलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

सोलापुरातून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. म्हणतील, सोलापुरात प्यायच्या पाण्याची मारामार आणि हा बोटीवर बोलणार. पण आपल्या जिल्ह्यात उजनी आहे, हे विसरू नका. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, आणि मागे करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरलेलं पाणी. या यशवंतसागरावर मासेमारीच्या बोटी चालतात, एका काठावरून दुसऱ्या काठाला माणसं नेणाऱ्या बोटी चालतात, भिगवणला फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटीही चालतात. यातल्या बऱ्याच बोटी आता फायबरच्या आहेत.

आणि माझा धंदा फायबरचा. कूलरच्या बॉड्या, बाथरूमचे दरवाजे, टाक्या, हे रोजचं काम. अधूनमधून एखादी बोट येते. अशाच एका बोटीवर मी चूक केली आणि ती मला चांगलीच शिकवून गेली. ती चूक आधी सांगतो, मग कारण, मग उपाय.

माझं तीन दिवसांचं काम

करमाळ्याच्या बाजूचे एक मामा. मासेमारी करतात. टेम्पोत घालून बोट घेऊन आले. उलटी केली तर बुडावर फोड. भाजल्यावर हातावर येतात ना, तसे. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही रुपयाच्या नाण्याएवढे. मामा म्हणाले, "भाऊ, लवकर दे. बोट इथं आणि मी घरी, असं किती दिवस चालंल?"

मी ग्राइंडर घेतला, फोड घासून काढले, आतून पाणी आलं, ते फडक्यानं पुसलं. एक दिवस उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या डेंटिंगला वापरतात ती लांबी भरली, तिसऱ्या दिवशी घासून रंग मारला. बोट नव्यासारखी दिसायला लागली. मामा खूश, मीही खूश.

वर्षाच्या आत बोट परत आली. जुन्या फोडांच्या जागी लांबी भिजून सुटलेली, तिच्या आजूबाजूला नवे फोड, आणि मधे एका ठिकाणी अंगठा दाबला तर बूड मऊ लागत होतं. मामा रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "भाऊ, तू पाणी काढलंस, पण पाणी आत का गेलं हे बघितलं नाहीस." ते वाक्य डोक्यात बसलं. मग मी शोधायला लागलो.

फायबर म्हणजे नेमकं काय

फायबरच्या बोटीत दोन गोष्टी असतात: काचेचे तंतू आणि रेझिन. काच ताकद देते, रेझिन तिला धरून ठेवतं. तंतू कधी तुकड्यांच्या मॅटमध्ये असतात, कधी आपल्या चादरीसारखे ताणा-बाणा करून विणलेले. रेझिन बहुतेक वेळा पॉलिस्टर. सगळ्यात बाहेर चकचकीत थर असतो, तो जेलकोट. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर.

आपल्याला वाटतं, प्लास्टिकच आहे, पाणी आत जाणार कसं? पण जेलकोट काही काचेसारखा बंद नसतो. पाण्याची बोट दिसायला कोरडी असली, तरी पाण्याचे कण अगदी हळूहळू, महिने-वर्षं घेत, त्यातून आत झिरपत राहतात. हे सगळ्याच पॉलिस्टर बोटींत होतं. नुसतं झिरपलं म्हणून फोड येत नाही. फोड यायला आत काहीतरी 'ओढणारं' असावं लागतं.

बेदाण्याची गोष्ट

पंढरपूरकडचा बेदाणा घ्या. रात्री वाटीभर पाण्यात टाका. सकाळी टम्म फुगलेला. का? आत साखर आहे, बाहेर साधं पाणी, मधे पातळ साल. साखर बाहेर सहज येऊ शकत नाही, पण पाणी आत जाऊ शकतं. आत जास्त विरघळलेलं आहे म्हणून पाणी तिकडं ओढलं जातं. शाळेत याला परासरण म्हणायचे.

आता तोच बेदाणा साखरेच्या दाट पाकात टाका. फारसा फुगणार नाही. कारण बाहेरही विरघळलेलं भरपूर आहे.

बोटीत साल म्हणजे जेलकोट. आणि साखर? ती कारागिराच्या हातून राहते. रेझिन बनवताना वापरलेलं ग्लायकॉल पूर्ण जुळलं नाही तर आत उरतं. हार्डनरमधला पातळ करणारा द्रव उरतो. मॅटचे तंतू धरून ठेवायला जो चिकट पदार्थ असतो, तो पाण्यात विरघळणाऱ्या जातीचा असेल तर तोही. रेझिन न पोचलेल्या हवेच्या बारीक पोकळ्या असल्या की त्यात हे सगळं साठतं. झिरपलेलं पाणी त्यात मिसळतं, तिथं आंबट-चिकट पाक तयार होतो, आणि तो पाक आणखी पाणी ओढतो. वर्षानुवर्षं पाण्याशी संबंध आला की रेझिनचे स्वतःचे दुवेही तुटतात, त्यातून आम्ल आणि ग्लायकॉल निघतं, म्हणजे साखर वाढतच जाते. दाब वाढला की जेलकोट फुगतो. तोच फोड.

अमेरिकेत १९८० च्या दशकात युनिव्हर्सिटी ऑफ ऱ्होड आयलंडच्या संशोधकांनी तिथल्या तटरक्षक दलासाठी याचा अभ्यास केला होता. फोडांचं मूळ पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांत आणि परासरणात आहे, हे तेव्हापासून बोटी बांधणाऱ्यांच्या बोलण्यात रुळलं.

आता यातून आपल्या कामाचं काय निघतं ते ऐका. सगळे म्हणतात, समुद्राचं खारं पाणी बोट खातं, आपलं गोडं पाणी बरं. लोखंडाच्या बाबतीत ते खरं आहे. फायबरच्या फोडांच्या बाबतीत उलटं आहे. खारं पाणी म्हणजे बेदाण्यासाठी पाक. गोडं पाणी म्हणजे साधं पाणी, आत-बाहेरचा फरक जास्त, ओढ जास्त. शिवाय पाणी जितकं कोमट, तितकं झिरपणं वेगात. म्हणजे गोडं, उथळ, उन्हानं तापलेलं पाणी हे फोडांसाठी सगळ्यात वाईट. आणि एप्रिल-मे मधली उजनीची कड म्हणजे नेमकं तेच.

आधी बोट वाचा

बोट आली की लगेच ग्राइंडर उचलायचा नाही. आधी बुडावरची घाण, शेवाळ धुवा. मग बोट तिरप्या उजेडात बघा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. फोडांची सावली पडते. प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं गोल करा.

मग नाण्यानं ठोकत जा. मडकं घेताना ठोकतो तसं. टणक, स्वच्छ आवाज आला तर थर धरलेले आहेत. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेत.

एक-दोन फोड सुईसारख्या टोकानं फोडून बघा. पण आधी डोळ्यांना चष्मा लावा. आत दाब असतो, पाणी पिचकारीसारखं उडतं आणि ते आंबट असतं. बोटाला चिकट लागलं, व्हिनेगरसारखा वास आला तर परासरणाचाच फोड. नुसतं साधं पाणी किंवा कोरडी हवा निघाली आणि वरचा रंगच सुटून आला, तर तो रंगाचा दोष, बोटीचा नाही.

यावरून तीन गट पाडतो. दहा-वीस बारीक फोड आणि आवाज टणक असेल तर मी आता मामांसारख्या माणसाला सांगतो, यंदा वापरा, सवड मिळेल तेव्हा आणा. थोड्या फोडांनी बोट बुडत नाही. दुसरा गट, बूडभर फोड पण आवाज टणक. तिथं सगळा जेलकोट काढून काम करावं लागतं. तिसरा, मऊ जागा किंवा बद्द आवाज. तिथं थांबायचं नाही, बोट पाण्यात घालायची नाही.

दुरुस्ती: वाळवणं नंतर, धुणं आधी

माझी चूक नेमकी कुठं होती? मी पाणी पुसलं, पण साखर तिथंच ठेवली. ग्लायकॉल उन्हात उडून जात नाही. वरून कोरडं दिसलं तरी ते आत असतं, आणि त्यावर लांबी भरली की पुन्हा तोच बेदाणा. म्हणून क्रम असा.

पहिलं, उघडा. फोड नुसता टोचायचा नाही, कडेचा सुटलेला भाग जाऊन घट्ट, पांढुरकं न दिसणारं फायबर लागेपर्यंत बशीसारखा घासायचा. खोल खड्डा नको, उतरत्या कडा हव्यात.

दुसरं, धुवा. गोड्या पाण्यानं, जमलं तर गरम पाण्यानं, कडक ब्रशनं. एकदा नाही, कित्येकदा. मी आता आठ-दहा दिवस रोज धुतो. वाळल्यावर खड्ड्यात परत ओलसर, चिकट ठिपके दिसले तर साखर अजून शिल्लक आहे, धुणं चालू ठेवा. थिनर किंवा ॲसिटोननं पुसून हे निघत नाही. त्यांचं काम तेल-ग्रीस काढण्याचं, हे पाण्यात विरघळणारं आहे, पाण्यानंच जातं.

तिसरं, वाळवा. इथं आपलं सोलापूर कामाला येतं. थंड, दमट देशांत लोक बोटीला तंबू बांधून आत हीटर लावतात. आपल्याकडं मार्च ते मे कोरडी हवा फुकट आहे. बोट उलटी, जमिनीपासून वर, खालून वारा खेळेल अशी ठेवा. वाळली का हे बघायला फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून बुडावर चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून धुकं धरलं तर अजून ओलावा आहे. बूडभर फोड असतील तर दीड-दोन महिने सहज लागतात.

चौथं, भरा. गाडीची लांबी नाही. तिच्यात पॉलिस्टर आणि शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी पिते. कायम पाण्यात राहणाऱ्या भागाला इपॉक्सी हवं, घट्ट करायला त्यात एरोसिल पावडर. आधी खड्ड्याला नुसतं पातळ इपॉक्सी चोपडा, मग घट्ट केलेलं भरा.

पाचवं, कवच द्या. बुडाला इपॉक्सीचे पाच-सहा पातळ हात, रोलरनं. सगळे मिळून जाडी किमान पाव मिलिमीटर, जमलं तर अर्धा. आधीचा हात चिकट असतानाच पुढचा द्यावा, म्हणजे दोन्ही एकमेकांत धरतात. मधे रात्र गेली तर वर मेणचट थर येतो. तो आधी पाण्यानं घासून धुवा, मग पॉलिश पेपर मारा. धुतलं नाही तर पुढचा हात सोलून निघेल. शेवटी पाण्याखाली चालणारा रंग. दुकानात तसं विचारूनच घ्या, घराच्या गेटचा रंग आणू नका. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून रंग लागतोच.

एक लक्षात ठेवा: पॉलिस्टरवर इपॉक्सी धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट नीट धरत नाही. एकदा इपॉक्सीवर आलात की परत फिरायचं नाही.

मऊ जागा किंवा भोक असेल तर

तिथं नुसतं भरून चालत नाही, काच परत घालावी लागते. सुटलेले थर काढा, आणि कडा लांब उतरत्या करा. नियम बारास एक. बूड सहा मिलिमीटर जाड असेल तर चारी बाजूंनी साधारण सात सेंटीमीटर उतार. एवढं का? कारण नवीन काच जुन्या काचेला फक्त चिकटलेली असते. जागा जितकी जास्त, तितकी धरून ठेवायची ताकद जास्त. सरळ उभी कड ठेवून ठिगळ लावलं तर ते पहिल्या दगडाला निघतं. थर लावताना प्रत्येक थरातली हवा रोलरनं दाबून काढा. आत राहिलेला बुडबुडा म्हणजे उद्याच्या पाकाची वाटी.

उन्हाळ्यातला मोह

आपल्या फायबरवाल्यांसाठी एक गोष्ट. बेचाळीस-त्रेचाळीस अंशात रेझिन डब्यातच थिजतं. मग आपण काय करतो? हार्डनर कमी घालतो. किलोला दहा ते वीस ग्रॅम घालायचा तिथं पाच घालतो. काम करायला वेळ मिळतो, पण रेझिन पूर्ण पक्कं होत नाही, कच्चं राहतं. आणि कच्चं रेझिन म्हणजेच साखर. त्यापेक्षा पहाटे काम करा, सावलीत करा, एका वेळी थोडंच रेझिन मिसळा. आणि इपॉक्सीत तर हार्डनरचं माप एक थेंबही इकडं-तिकडं करायचं नाही. तिथं जास्त घालून लवकर किंवा कमी घालून उशिरा असं नसतं, माप चुकलं की काम चुकलं.

सुरक्षेचं दोन शब्दांत. पॉलिस्टरचा हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर शेवटी. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते; लगेच पंधरा-वीस मिनिटं पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा. घासताना चांगला मास्क लावा, उपरण्यानं काचेची धूळ अडत नाही.

फोड येऊच नयेत म्हणून

नवी बोट घेताना बांधणाऱ्याला विचारा, बाहेरच्या थरांना कोणतं रेझिन? साधं जीपी रेझिन स्वस्त पडतं, पण पाण्याला आयसो बरं आणि व्हिनाइल एस्टर त्याहून चांगलं. सगळी बोट महागाची करायची गरज नाही, जेलकोट आणि त्याच्या आतले पहिले एक-दोन थर चांगले असले तरी बराच फरक पडतो. बोट साच्यातून निघाली की लगेच पाण्यात ढकलू नका, काही आठवडे कोरड्यात पक्की होऊ द्या.

वापरताना: बोटीत पाणी साचू देऊ नका. आतल्या बाजूला बहुतेक वेळा जेलकोटच नसतो, म्हणजे तिथून पाणी आणखी सोपं जातं. काम नसेल तेव्हा बोट पाण्याबाहेर, उलटी, वारा लागेल अशी. ताडपत्री गच्च गुंडाळली तर आत वाफ धरते. आणि ओढताना जपा. उजनी मायनसमध्ये गेली की पाणी दूर जातं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, आणि बोटी दगड-गोट्यांवरून फरफटत न्याव्या लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तर साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता. प्रत्येक खोल ओरखडा म्हणजे जेलकोटला पडलेली खिडकी. जुन्या टायरच्या पट्ट्या किंवा गोल लाकडं खाली घाला. ओरखडा पडलाच तर वाळवून थोडं इपॉक्सी लावा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशीच्या मधे प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्याचा फोडांशी संबंध नव्हता, वारा कारण होता. म्हणूनच सांगतो, बूड पक्कं केलं म्हणजे बोट सुरक्षित झाली असं नाही. लाईफ जॅकेट आणि आभाळ बघून निघणं, याला पर्याय माझ्या कारखान्यात नाही.

मामांची बोट

दुसऱ्यांदा मी मजुरी घेतली नाही, फक्त मालाचे पैसे घेतले. खरा प्रश्न पैशांचा नव्हताच, दिवसांचा होता. दीड-दोन महिने बोट वाळत पडली तर मामांनी खायचं काय? आम्ही असं ठरवलं: मऊ जागेचं काम लगेच, आणि मऊ जागा धुऊन-वाळून काच बसेपर्यंत मामांनी भावकीतल्या बोटीत निम्म्या वाट्यानं जायचं. बाकीचे फोड पुढच्या मार्चमध्ये काढायचे. तसंच केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधी, शेवटचा हात बसला.

त्यानंतर बोट दर उन्हाळ्यात तपासायला येते. मामा स्वतःच नाणं घेऊन ठोकत बसतात. गेल्या खेपेला दोन बारीक फोड मिळाले. मी ग्राइंडर उचलायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. टण वाजतंय." बरोबर होतं त्यांचं.

तर मंडळी, फोड दिसला की भरायची घाई नको. उघडा, धुवा, वाळवा, मग भरा. तुमच्याकडं बोट नसेल, तरी गच्चीवरची फायबरची टाकी असेल, तिलाही एकदा नाण्यानं ठोकून बघा. पुढच्या भागात त्याच टाक्यांवर बोलू.